सुभाष तोरसकरांचं रामा ग्रीन

समजा, तुमच्या हातात कॅमेरा आहे. फोनमधला नव्हे, भिंग बदलता येतं तसला. समोर टेबलावर ब्लाउजच्या कापडाचं एक थान उलगडून ठेवलंय. रंग रामा ग्रीन. म्हणजे धड हिरव्यातही न बसणारा आणि निळ्यातही न बसणारा. तुम्हाला याचा फोटो काढायचाय, आणि तो असा, की नागपुरातल्या एखाद्या बाईने फोन आपल्या साडीशेजारी धरला तर तिला हाच रंग दिसला पाहिजे. तुम्ही मेनू उघडता. एका ओळीवर ‘कलर स्पेस’ असं लिहिलंय. पर्याय दोनच. एसआरजीबी आणि अडोबी आरजीबी. कुठला घ्याल?

घाई करू नका. या एका ओळीपायी केबिन रोडवरच्या एका माणसाला, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर, आंधळा ठरवण्यात आलं.

सुभाष तोरसकर त्याचं नाव. गिरगावातल्या खोलीचे पैसे तीन भावांत वाटले गेल्यावर वाट्याला आलेल्या रकमेत भाईंदर पूर्वेलाच काय ते घर मिळत होतं, म्हणून तो इथे आला, आणि आल्याच्या दुसऱ्या महिन्यात हितेशभाईंच्या मॅचिंग सेंटरमध्ये कात्री धरून उभा राहिला. दुकान दहा बाय बावीसचं. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर थानं. गजरी, कुसुंबी, आमसुली, अंजिरी, चिंतामणी, मेहंदी, शेवाळी. मोजले तर चारशेच्या वर रंग. बाई पिशवीतून साडी काढायची, सुभाष साडीकडे एकदा बघायचा आणि मागे न वळता, हात उंच करून थान ओढायचा. मग साडीचा पदर नि थानाचं टोक घेऊन दुकानाच्या पायरीवर जायचा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फसवतो, म्हणून पायरीवर गेल्याशिवाय त्याने कधी कात्री लावली नाही.

स्वभावाने मात्र हा माणूस अत्यंत वाईट. हे लपवण्यात अर्थ नाही.

“भैया, इसका पोपटी दिखाना,” असं एखादी म्हणाली की हा मराठीतून सुरू व्हायचा. “बाई, हा पोपटी नाही. पोपट बघितलाय का कधी? हा मेहंदीचा धाकटा भाऊ आहे.”

“पण मला पोपटीच वाटतोय.”

“तुम्हाला वाटतोय, साडीला नाही वाटत. चला पायरीवर.”

बायका त्याच्या नावाने बोटं मोडत आणि पुढच्या साडीला पुन्हा त्याच्याकडेच येत. मीरा रोडवरून, काशीमिऱ्यावरून, पलीकडे नायगाववरून. दुकानाची पाटी कुणाला आठवत नसे, ‘तो खडूस माणूस आहे ना, तिथे’ एवढं सांगितलं की रिक्षावालाही सोडत असे. हा खडूसपणाच त्याची इज्जत होती, आणि तो काउंटर म्हणजे त्याचं सगळं काही.

त्या काउंटरवर हितेशभाईंचा मुलगा निकेत कॅमेरा घेऊन आला.

निकेत चोवीस वर्षांचा. कॉलेज झालं, वर्षभर दुसरीकडे नोकरी केली, तिथे जमलं नाही, आणि मग त्याला बापाचं दुकान मागासलेलं वाटायला लागलं. त्याने ऑनलाइन विक्री सुरू केली. एकेका थानाचा फोटो काढायचा, विकायच्या पानावर चढवायचा. कोल्हापूर, नागपूर, इंदूर, कुठूनही बाईने फोटो निवडावा, दुकानात चिठ्ठी छापून यावी, सुभाषने चिठ्ठीवरचा शेड नंबर बघून कापड कापावं आणि पार्सल करावं.

“म्हणजे साडी न बघता कापायचं?” सुभाषने पहिल्याच दिवशी विचारलं.

“साडी तिच्याकडे आहे ना काका. ती बघेल. तुम्ही फक्त नंबर बघा.”

“आणि पायरी?”

“पायरी काय, काका! आता स्क्रीन आहे.” निकेत हसला. “तुम्ही ना, रिटायर झाल्यावर पायरी घरी घेऊन जा.”

पहिले तीन आठवडे बरे गेले. चौथ्या आठवड्यात पार्सलं परत येऊ लागली. आधी दोन, मग रोजची तीन-चार. नागपूरच्या एका बाईचा फोन निकेतने मुद्दाम स्पीकरवर टाकला. दुकानात त्या वेळी पाच गिऱ्हाइकं होती.

“अहो, फोटोत कसा शांत रंग होता! आणि तुम्ही पाठवलाय भडक. याचा ब्लाउज शिवू की चौकात सिग्नल म्हणून लावू?”

“सॉरी मॅडम,” निकेत सुभाषकडे बघत म्हणाला. “आमचे एक जुने काका कापतात. त्यांच्याकडून नंबर चुकला असेल.”

सुभाषने आधीच परत आलेल्या एका पार्सलमधून त्याच रंगाचा तुकडा काढला, रामा ग्रीनच्या दोनशे चौदा नंबरच्या थानावर ठेवला आणि दोन्ही घेऊन पायरीवर गेला. तुकडा आणि थान एकच होते. कापलेली कड कडेला तंतोतंत लागत होती.

“ये, बघ इथे येऊन,” तो ओरडला. “दोनशे चौदा मागितलं, दोनशे चौदा दिलं.”

“मग फोटोत वेगळं का दिसतं?”

“ते तुझ्या डबड्याला विचार.”

निकेतने लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे धरला. स्क्रीनवर रामा ग्रीन लखलखीत, थानासारखंच दिसत होतं. “माझा फोटो बरोबर आहे. बघा. आहे की नाही सेम? फोटो बरोबर, नंबर बरोबर, मग राहिलं कोण? कात्री.”

लॅपटॉपवरचा रंग खरोखरच बरोबर होता, आणि रंग बरोबर असला की खोटं बोलणं त्याला जमत नसे.

हितेशभाई गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होते. ते कुणावर ओरडत नसत, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागायचं. “सुभाषभाई, मी काय बोलतो, एक वार डोळा दाखवून घ्या ने. आपली पण उमर झाली.”

सुभाषने डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण आत्ता काही करायला नको. दुसरा कुणी असता तर त्याने कागद खिशात ठेवला असता. सुभाषने तो दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर नेऊन ठेवला, आणि तिथेच फसला.

“बघा पप्पा!” निकेत म्हणाला. “मी काय सांगत होतो?”

“सुरुवात लिहिलंय. वाचता येतं ना?”

“काका, रागावू नका. रंग ओळखायच्या कामाला डोळे लागतात. क्रिकेटमध्ये पण प्लेअरला बसवतात ना बाहेर?”

सोमवारपासून सुभाषची रवानगी पोटमाळ्यावर झाली. काम काय, तर परत आलेले तुकडे सोडवायचे, घड्या घालायच्या, चिठ्ठ्या वेगळ्या करायच्या. उभं राहिलं की डोक्याला छत लागायचं, म्हणून दिवसभर बसूनच. खालून बायकांचे आवाज यायचे. “ते काका कुठेत?” आणि निकेतचा आवाज, “डोळ्यांचा प्रॉब्लेम झालाय त्यांना.” प्रत्येकीला. बिनचूक. एखाद्याचा मृत्यू कळवावा तसा.

दिवाळीपर्यंत बघू, असं हितेशभाई म्हणाले होते. दिवाळीनंतर काय, ते न सांगताही सुभाषला कळलं होतं.

घरी तो बायकोवर डाफरला. सुचेता मीरा रोडच्या एका शाळेत क्लार्क होती, तिने असले अनेक डाफरणारे बघितले होते. रविवारी सकाळी तिने आपल्या ब्लाउजपीसांचा डबा गॅलरीत आणून आपटला.

“बसा. मी एकेक दाखवते. चुकलात तर सोमवारी स्वतःहून राजीनामा द्या. नाही चुकलात तर माझ्यावर ओरडणं बंद करा.”

“हा आमसुली.”

“आणि हा?”

“हा पण आमसुली, पण तू दोनदा गरम पाण्यात घातलायस.”

“हा?”

सुभाषने उजवा डोळा झाकला. नुसत्या डाव्याने बघितलं. मग डावा झाकला. “डाव्याने किंचित पिवळट येतो,” तो हळूच म्हणाला. “पण अंजिरीच आहे. लग्नाच्या वर्षीचा.”

सुचेताने डब्याचं झाकण लावलं. “डोळे ठीक आहेत तुमचे. आता दुसरं काय बिघडलंय ते शोधा.”

शोधायला त्याच्याजवळ होतं काय? तर चिठ्ठ्या. निकेतने आळसापोटी फोटोचं जे नाव कॅमेऱ्यातून आलं तेच मालाचं नाव म्हणून ठेवलं होतं. त्यामुळे प्रत्येक चिठ्ठीवर शेड नंबरच्या शेजारी फोटोचंही नाव छापून येई. सुभाषला ती इंग्रजी अक्षरं निरर्थकच होती. पण हा माणूस तीन दशकं थानाच्या कडेवरचे बारीक आकडे वाचत आला होता. बुधवारी दुपारी त्याच्या लक्षात आलं की परत आलेल्या चिठ्ठ्यांवर नावाच्या सुरुवातीला एक आडवी रेघ आहे, आणि मग एम, जी.

तो शिडीवरून खाली उतरला, गल्ल्यामागच्या खिळ्याला टोचलेल्या जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि वर घेऊन गेला. ज्या पार्सलांची कधी तक्रार आली नाही त्यांच्या त्या चिठ्ठ्या. त्यांच्यावर नाव होतं आय, एम, जी. रेघ त्यानंतर. म्हणजे चांगल्या फोटोंना पुढे ‘आय’ होता. वाईट फोटोंचा ‘आय’ नाहीसा झाला होता आणि त्याच्या जागी रेघ आली होती.

परत आलेली पार्सलं त्रेचाळीस. त्यातली बेचाळीस रेघेची.

त्याने कुणालाच सांगितलं नाही. निकेतला विचारलं असतं तर त्याने हसून उडवलं असतं. त्याऐवजी तो शुक्रवारी सुट्टी टाकून भाईंदर पश्चिमेला गेला आणि रिक्षाने मुर्धा गावात उतरला. तिथे दशरथ भोईर राहायचा. लग्नांचे फोटो काढणारा हा माणूस बायकोच्या साड्या घेऊन वर्षानुवर्षं दुकानात येत असे. सुभाषने दोन चिठ्ठ्या त्याच्या ओट्यावर ठेवल्या.

दशरथने त्या बघितल्या आणि मोठ्याने हसला. “आरं सुभाषदादा, ही रेघ मानूस न्हाय लावत. कॅमेराच लावतंय. कुनीतरी कलर पेस अडोबीवर टाकलंय.”

“म्हणजे काय? मला समजेल असं सांग. हसू नको.”

“कॅमेरा रंग लिवत न्हाय. आकडे लिवतंय. लाल किती, हिरवा किती, निळा किती. आनि सोबत एक चिठ्ठी जोडतंय, का बाबा हे आकडे अमक्या हिशेबाने वाच. येसआरजीबी म्हंजे साधा हिशेब, सगल्या फोनांना ठावं असलेला. अडोबी म्हंजे मोठा हिशेब. त्यात हिरवे रंग लय लांबवर जातात. छापखान्याला बरं हाय ते.”

“मग लॅपटॉपवर बरोबर कसं दिसतं?”

“त्याचा लॅपटॉप चिठ्ठी वाचतंय. पन तिकडे पानावर चढवताना फोटो बारीक होतंय, चिठ्ठी गलून पडते. मंग बाईचा फोन आकडे साध्या हिशेबाने वाचतंय. रंग मेलेला दिसतो.”

सुभाषने ओट्यावरच्या चिठ्ठ्या उचलून त्यांवरचे शेड नंबर पुन्हा बघितले. मग एकदम म्हणाला, “दोन मिलांची शेडकार्डं!”

“काय?”

“दोन मिलांच्या शेडकार्डांत नंबर तेच असतात. एकात दोनशे चौदा म्हणजे रामा ग्रीन, दुसऱ्यात दोनशे चौदा धुवट शेवाळी. नंबर खरा असतो रे. पण कुठल्या मिलचं कार्ड, ते सांगितलं नाही तर पार्टी चुकीचं थान पाठवते. पहिल्या वर्षी मीच ही चूक करून शिव्या खाल्ल्यात.”

“मंग तुला समजलं की,” दशरथ म्हणाला. “माज्या पोराला तीन दिवस लागले.”

शनिवारी सकाळी दुकान उघडल्यावर सुभाष पोटमाळ्यावर चढला नाही. तो काउंटरसमोर, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे, उभा राहिला.

“छोटे शेठ, कॅमेरा काढा.”

“कशाला? फोटो काढायचाय तुमचा? आठवण म्हणून?”

“मेनू उघड. कलर स्पेस. काय लिहिलंय ते बापाला वाचून दाखव.”

निकेतचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग त्याने खांदे उडवले. “अडोबी आरजीबी. मग? प्रोफेशनल लोक तेच वापरतात. व्हिडिओत सांगतात, जास्त रंग मिळतात. तुम्हाला यातलं काय कळतं, काका?”

“काही कळत नाही. तू एक फोटो याच्यावर काढ. मग ते दुसरं लाव, आणि त्याच जागेवरून दुसरा काढ. दोन्ही पानावर चढव.”

“मला काम आहे.”

“निकेत,” हितेशभाई गल्ल्यावरून म्हणाले. “काढ.”

दोनशे चौदाचं थान पायरीवर उलगडलं गेलं. निकेतने दात आवळून दोन फोटो काढले, चढवले. दुकानात दोन बायका होत्या, शेजारचा फॉल-पिकोवाला दिपेश आला होता. हितेशभाईंनी आपला फोन काढला, बाकीच्यांनी आपापले. सगळे फोन थानाला लावून ओळीत धरले गेले. पहिल्या फोटोतलं रामा ग्रीन शिळ्या भाजीसारखं. दुसऱ्यातलं थानासारखं. सगळ्या फोनांवर तेच.

“अय्या,” एक बाई म्हणाली, “म्हणजे काकांचं बरोबर होतं?”

“काकांचं एक चुकलंय,” सुभाष म्हणाला. त्याने खिशातून एक चिठ्ठी काढून गल्ल्यावर ठेवली. “त्रेचाळिसांतली ही एक रेघेविना आहे. वांगी मागितला होता, मी जांभळा कापला. ती चूक माझी. बाकीच्या बेचाळीस, शेठ, तुमच्या लाडक्याच्या.”

हितेशभाईंनी चिठ्ठी उचलली, बघितली, खाली ठेवली. “सेटिंग बदल,” ते मुलाला म्हणाले. मग सुभाषकडे न बघता, “सुभाषभाई, कात्री घ्या. बाई खोळंबलीये.”

माफी नावाची गोष्ट त्या दुकानात तीन पिढ्यांत विकली गेली नव्हती, ती त्या दिवशी तरी कुठून मिळणार? सुभाषनेही ती कुणाला मागायला लावली नाही. काउंटरची फळी उचलून तो आत शिरला आणि पहिल्याच बाईला म्हणाला, “हा गजरी नाही. पुढे बोला.”

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पुढच्या गुरुवारी एक मोठी ऑर्डर कापायला आली. निकेतची बहीण भाविका, तिचं लग्न ठरलं होतं. सासरच्या बायकांसाठी अकरा रंग निवडून सुरतेला फोटो आणि नमुन्याचे तुकडे गेले होते. सुरतेहून सगळे पसंत आले, वर निरोपही आला, की फोटोत आणि नमुन्याच्या तुकड्यात केसाचा फरक नाही. सुभाषने चिठ्ठ्या हातात घेतल्या. फोटोंच्या नावातले आकडे चारशे सहासष्ट ते चारशे शहात्तर. अकराच्या अकरा नावांना पुढे ‘आय’ होता.

त्याने कात्री खाली ठेवली. चारशे पासष्टची परतीची चिठ्ठी त्याच्याकडे होती. तिला रेघ. चारशे सत्त्याहत्तरलाही रेघ. चिठ्ठ्यांवर छापलेली फोटोची तारीख सगळ्यांची एकच, तो पोटमाळ्यावर गेला त्याच्या तिसऱ्या दिवसाची.

त्याने दशरथला फोन लावला.

“व्हतं असं,” दशरथ म्हणाला. “कॅमेऱ्याच्या डोक्यावरचं चक्र हिरव्या ऑटोवर, म्हंजे सगलं कॅमेऱ्यानेच ठरवायचं तिथं, ग्येलं का कॅमेरा कुनाचं ऐकत न्हाय. साधाच हिशेब घेतो. मंग चक्र परत फिरवलं का पुन्ना अडोबी. धक्क्याने बी फिरतंय ते.”

“धक्क्याने. बरोबर अकरा फोटोंपुरतं.”

“ते मी कसं सांगू, दादा? मी तिथं हुतो का?”

त्या दिवशी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, सुभाषने अकरा चिठ्ठ्या काउंटरवर पत्त्यांसारख्या मांडल्या. निकेतने त्या बघितल्या. नीट बघितल्या. “जाऊ द्या ना काका,” तो म्हणाला. “मिळालं ना काउंटर परत? आता काय पाहिजे तुम्हाला?” आणि फोन कानाला लावून बाहेर गेला. फोन वाजलेला सुभाषने तरी ऐकला नव्हता.

याला आता चार महिने झाले. दिवाळी गेली, भाविकाचं लग्न झालं, ऑनलाइनचं काम दुप्पट वाढलं. दोघे रोज दहा बाय बावीसच्या त्या खोलीत नऊ तास एकमेकांच्या पाठीला पाठ लावून काम करतात. नंबर सांगण्यापुरतं बोलतात. कामावरून काढलं असतं तरी सुभाषला चाललं असतं, असं तो सुचेताला एकदा म्हणाला. डोळ्यांवरून चुकून बोल लावला असता तरी चाललं असतं. चूक समजते त्याला, त्याने स्वतः केलीय; पण खरं कारण माहीत असून लावलेला बोल समजत नाही. निकेत एकटा सापडला की तो कात्री थांबवतो, चष्मा काढतो आणि शब्दही न बदलता तेच विचारतो:

“बहिणीचे अकरा फोटो काढताना ते चक्र आपलं आपण फिरलं होतं, की तू फिरवलं होतंस?”